कार्बन डाय-ऑक्साइडचे हायड्रोजनीकरण आणि द्रावकाची भूमिका

कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन या दोन वायूंचा उत्प्रेरकाच्या साहाय्याने संयोग घडवून फॉर्मिक आम्ल, मिथेनॉल यांसारखी उपयुक्त संयुगे तयार करणे, यास कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्प्रेरकी हायड्रोजनीकरण म्हणतात. या अभिक्रियेची चर्चा होते तेव्हा रुथेनियम, इरिडियम, ऱ्होडियम, तांबे अशा उत्प्रेरक धातूंचीच नावे पुढे येतात. ज्या द्रवात हे सारे घडते तो द्रावक मात्र भांड्यासारखा गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात अभिक्रिया पुढे सरकणार की नाही, किती वेगाने सरकणार, अखेरीस कोणता पदार्थ हाती येणार आणि तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढता येणार की नाही, हे बऱ्याच अंशी द्रावकच ठरवतो. एका प्रश्नाला अनुकूल असलेला द्रावक दुसऱ्या प्रश्नाला प्रतिकूल ठरतो, हीच या क्षेत्रातील खरी अडचण आहे.

हा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो फॉर्मिक आम्लाच्या बाबतीत. मुंगीच्या लॅटिन नावावरून या आम्लाला नाव मिळाले. काजू-आंब्याच्या झाडांवर पाने शिवून घरटी बांधणाऱ्या ज्या तांबड्या मुंग्यांना गोव्यात हुमले म्हणतात, त्यांच्या फवाऱ्यातील झोंबणारा पदार्थ हाच. चामडे कमावणे, वैरण टिकवणे यांसाठी ते वापरतात. रबराचा चीक गोठवण्यासाठीही ते लागते, त्यामुळे सत्तरी-सांग्यातील किंवा सीमेपलीकडच्या दोडामार्गातील रबर बागायतदारांना ते अपरिचित नाही. आज त्याचे औद्योगिक उत्पादन प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड व मिथेनॉल यांच्यापासून मिथिल फॉर्मेट बनवून आणि त्याचे पाण्याने विघटन करून होते. हा कार्बन मोनॉक्साइड नैसर्गिक वायू, कोळसा अशा खनिज इंधनांतून येतो. त्याऐवजी धुराड्यातून सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड वापरता आला तर कच्चा माल फुकटच्या जवळपास मिळेल, हे आकर्षण संशोधनामागे आहे. अर्थात हायड्रोजन मात्र फुकट नाही, आणि तो खनिज इंधनापासूनच काढला तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

ऊर्जेचा हिशेब

कागदावर ही अभिक्रिया अगदी साधी आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचा एक रेणू मिळून फॉर्मिक आम्लाचा एक रेणू होतो. काहीही वाया जात नाही. तरीही दोन वायू एकत्र कोंडून ठेवले तर प्रमाणित परिस्थितीत त्यांपासून द्रवरूप फॉर्मिक आम्ल आपोआप बनत नाही. या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, मोलमागे सुमारे ३१ किलोज्यूल, पण स्वैर हिंडणारे वायूचे दोन रेणू द्रवाच्या एका रेणूत बांधले जातात. या बंधनाची, म्हणजे एन्ट्रॉपीतील घटीची, किंमत बाहेर पडणाऱ्या उष्णतेहून जास्त असते. परिणामी मुक्त ऊर्जेतील बदल मोलमागे सुमारे अधिक ३३ किलोज्यूल येतो. अधिक चिन्हाचा अर्थ असा की समतोल जवळजवळ पूर्णपणे वायूंच्या बाजूने झुकलेला आहे. उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी समतोल हलवू शकत नाही. तो केवळ समतोलापर्यंत लवकर पोहोचवतो.

हाच हिशेब पाण्यात मांडला की चित्र बदलते. दोन्ही वायू आधीच विरघळलेले आणि तयार होणारे आम्लही विरघळलेले धरले तर मुक्त ऊर्जेतील बदल सुमारे उणे ४ किलोज्यूल होतो. विरघळताना वायूंनी आपले बरेचसे स्वातंत्र्य आधीच गमावलेले असते आणि फॉर्मिक आम्लाचे रेणू पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन स्थिरावतात. पाण्यात अमोनियासारखी आम्लारी असेल तर आम्लाचे फॉर्मेट लवणात रूपांतर होते आणि आकडा सुमारे उणे ३५ किलोज्यूलपर्यंत उतरतो. म्हणूनच या विषयावरील बहुसंख्य प्रयोगांत अमाइन, कॉस्टिक सोडा, पोटॅश यांसारखी आम्लारी असतेच.

पण आम्लारी घातली की हाती आम्ल येत नाही, लवण येते. सोडियम फॉर्मेटमधून फॉर्मिक आम्ल मोकळे करायचे तर त्याहून तीव्र आम्ल, उदाहरणार्थ सल्फ्युरिक आम्ल, वापरावे लागते. रेणूभारांवरून साधा हिशेब केला तर एक टन फॉर्मिक आम्लासाठी सुमारे पाऊण टनाहून अधिक कॉस्टिक सोडा आणि एक टनाहून थोडे जास्त सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडते, आणि दीड टन सोडियम सल्फेट शिल्लक राहते. एक टन माल आणि दीड टन लवण! कार्बन डाय-ऑक्साइड वाचवण्याच्या नावाखाली असा कारखाना उभारणे कुणालाच परवडणारे नाही. म्हणून आम्लारीचे काम द्रावकाकडूनच करून घेता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

त्याला एक नेमके उत्तर २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गॅबोर लॉरेन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी पाण्यात विरघळणारा एक रुथेनियम उत्प्रेरक घेतला आणि आम्लारी अजिबात न घालता अभिक्रिया केली. पाण्यात, ४० अंश सेल्सिअस तापमान व २०० बार दाबाखाली, लिटरमागे ०.२ मोल, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम फॉर्मिक आम्ल तयार झाले. तोच उत्प्रेरक डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात वापरला तेव्हा लिटरमागे १.९ मोल, म्हणजे सुमारे ८७ ग्रॅम आम्ल मिळाले. उत्प्रेरक बदलला नव्हता, आम्लारी नव्हती. या द्रावकाच्या रेणूतील ऑक्सिजन फॉर्मिक आम्लाच्या हायड्रोजनला फार घट्ट धरून ठेवतो. आम्ल असे धरले गेल्याने समतोल पुढे सरकत राहतो. याच घट्ट पकडीचा जाच पुढे मालाला वेगळे करताना होतो, त्याचा उल्लेख पुढे येईल.

वेग कशामुळे वाढतो

उत्प्रेरकावर काय घडते हे पाहिल्याशिवाय वेगाचा उलगडा होत नाही. हायड्रोजनचा रेणू धातूपाशी येऊन दुभंगतो. त्याचा एक भाग प्रोटॉनच्या रूपात आम्लारीकडे किंवा द्रावकाकडे जातो. दुसरा भाग दोन इलेक्ट्रॉनांसह धातूशी बांधलेला राहतो. यास हायड्राइड म्हणतात. हा हायड्राइड कार्बन डाय-ऑक्साइडच्या कार्बनवर जाऊन बसला की फॉर्मेट आयन बनतो आणि धातू पुन्हा मोकळा होतो. या साखळीत पावलोपावली धन वा ऋण भार निर्माण होतात. पाणी, मिथेनॉल यांसारखे ध्रुवीय व हायड्रोजन बंध देणारे द्रावक अशा भारित कणांभोवती गोळा होऊन त्यांना स्थैर्य देतात. बेंझीन किंवा टोल्यूइनसारख्या अध्रुवीय द्रावकांना ते जमत नाही.

याचे मोजमाप बोलके आहे. हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून फॉर्मेट आयन व सुटा प्रोटॉन मिळवायचा तर ॲसिटोनायट्राइलमध्ये मोलमागे सुमारे ३२ किलोकॅलरींचा चढ चढावा लागतो. पाण्यात हाच चढ सुमारे १० किलोकॅलरींचा उरतो, कारण सुटा प्रोटॉन पाण्यात कमालीचा स्थिर असतो. हा चढ भरून काढण्याचे काम आम्लारीचे. म्हणून ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात अतितीव्र व महागडी सेंद्रिय आम्लारी लागते, तर पाण्यात खाण्याच्या सोड्यासारखे बायकार्बोनेटही पुरते. उत्प्रेरकासाठी इरिडियमऐवजी कोबाल्टसारखा स्वस्त धातू वापरला आणि त्याला जोडीला अतितीव्र आम्लारी दिली तर धातूत वाचलेला पैसा आम्लारीत जातो. या गणितामुळे अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधक कोबाल्टचे काम सेंद्रिय द्रावकाकडून पाण्याकडे वळवू लागले.

पाण्याचे महत्त्व मात्र योगायोगानेच लक्षात यावे तसे पुढे आले. १९७६ मध्ये इनोऊए व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी बेंझीनमध्ये, अमाइनच्या साथीने, ऱ्होडियम व रुथेनियम यांच्या फॉस्फीनयुक्त संयुगांवर ही अभिक्रिया सौम्य परिस्थितीत घडवली. तेव्हा थोडेसे पाणी घातल्यास फॉर्मिक आम्लाचे उत्पादन वाढते असे त्यांना आढळले. पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऑक्सिजनला ओढून धरतो, त्यामुळे कार्बनवरचा इलेक्ट्रॉनांचा पहारा सैल होतो आणि हायड्राइडला तेथे शिरकाव मिळतो, असे स्पष्टीकरण पुढे देण्यात आले. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत कॅरल क्रॉइट्झ व मेई चौ यांनी २००७ मध्ये रुथेनियमच्या एका हायड्राइडची कार्बन डाय-ऑक्साइडशी होणारी अभिक्रिया पाण्यात तपासली. ती सेंद्रिय द्रावकांतील वेगाच्या तुलनेत कितीतरी वेगवान निघाली.

पाण्याची दुसरी बाजू अशी की त्यात हायड्रोजन जवळजवळ विरघळतच नाही. २५ अंश सेल्सिअसला व एका वातावरणाच्या दाबाखाली लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मावतो, पण हायड्रोजन अवघा दीड मिलिग्रॅमच्या आसपास. मिथेनॉलमध्ये हे प्रमाण सुमारे पाचपट होते, तरी ते अल्पच. त्यामुळे अनेकदा उत्प्रेरक रिकामा बसतो आणि हायड्रोजन वायूतून द्रवात उतरण्याची वाट पाहतो. मिश्रण किती जोराने ढवळले यावर वेग ठरू लागला तर तो उत्प्रेरकाचा वेग राहत नाही, ढवळणाऱ्या दांडीचा होतो.

या अडचणीवर १९९४ मध्ये फिलिप जेसप, ताकाओ इकारिया आणि र्‍योजी नोयोरी यांनी धाडसी तोड काढली. त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइडलाच द्रावक बनवले. ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ७४ बार दाब यांच्या पलीकडे कार्बन डाय-ऑक्साइड धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. या अतिक्रांतिक अवस्थेत तो द्रवासारखा पदार्थ विरघळवतो आणि वायूसारखा सहज पसरतो. हायड्रोजन त्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो, विरघळण्याचा प्रश्नच उरत नाही. रुथेनियम उत्प्रेरक व अमाइन घेऊन केलेल्या या प्रयोगात उत्प्रेरकाच्या प्रत्येक मोलमागे तासाला १४०० मोलपर्यंत फॉर्मिक आम्ल तयार झाले. तेच काम टेट्राहायड्रोफ्यूरान या नेहमीच्या सेंद्रिय द्रावकात अतिशय मंद होते. यातही पाणी, मिथेनॉल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड अल्प प्रमाणात घातले की वेग वाढे. म्हणजे हायड्रोजन मुबलक मिळाल्यावरही हायड्रोजन बंधांची मदत लागतच होती. नोयोरी यांना २००१ मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक असममित हायड्रोजनीकरणासाठी होते, या कामासाठी नव्हे.

त्यानंतर विक्रमांची चढाओढ सुरू झाली. क्योको नोझाकी यांच्या गटाने २००९ मध्ये इरिडियमच्या एका उत्प्रेरकावर, पोटॅशच्या जलीय द्रावणात, उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे ३५ लाख फॉर्मेट आयन तयार करून दाखवले. नेदरलँड्समधील एव्हगेनी पिडको व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये रुथेनियम उत्प्रेरक डायमिथिल फॉर्मामाइड या द्रावकात वापरून तासाला ११ लाखांचा वेग नोंदवला. असे आकडे एकापुढे एक ठेवून श्रेष्ठत्व ठरवणे मात्र फसवे असते. तापमान वेगळे, दाब वेगळा, आम्लारी वेगळी आणि द्रावकही वेगळा. धावपटूंची तुलना करायची आणि एकाला डांबरी रस्ता, दुसऱ्याला वाळू द्यायची, तसाच हा प्रकार.

जलीय माध्यमात द्रावकाची आम्लताही उत्प्रेरकाचा स्वभाव बदलू शकते. जपानचे युइचिरो हिमेदा यांनी उत्प्रेरकाच्या सेंद्रिय भागावर हायड्रॉक्सिल गट बसवले. क्षारधर्मी पाण्यात या गटांतील प्रोटॉन निघून जातो, उरलेला ऋणभारित ऑक्सिजन धातूकडे इलेक्ट्रॉन ढकलतो आणि उत्प्रेरक अधिक क्रियाशील होतो. शिवाय भार असल्यामुळे तो पाण्यात चांगला विरघळतो. फॉर्मिक आम्ल तयार होत जाते तसतशी आम्लारी संपते, प्रोटॉन परत येतो, भार नाहीसा होतो आणि यांपैकी काही उत्प्रेरक आपोआप खाली बसतात. काम संपल्यावर उत्प्रेरक गाळून काढता यावा, यासाठी केलेली ही योजना रसायनशास्त्रातील मोजक्या सुबक योजनांपैकी एक म्हणावी लागेल.

मिथेनॉलकडे वळताना

द्रावक बदलल्याने कधी कधी उत्पादनच बदलते. अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये मिथेनॉल घातले तर मिथिल फॉर्मेट मिळते, डायमिथिल अमाइन घातले तर डायमिथिल फॉर्मामाइड. मिथेनॉल हवे असेल तर फॉर्मिक आम्लाच्या टप्प्यावर न थांबता आणखी हायड्रोजन जोडावा लागतो आणि त्यात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उद्योगात हे तांबे, झिंक ऑक्साइड व ॲल्युमिना यांच्या घन उत्प्रेरकावर, द्रावकाशिवाय, २०० अंशांहून बऱ्याच वरच्या तापमानाला केले जाते. जपानमधील नोरितात्सु त्सुबाकी यांनी त्याच जातीच्या उत्प्रेरकाभोवती अल्कोहोल हा द्रावक ठेवला तेव्हा १७० अंशांवर मिथेनॉल मिळू लागले. येथे अल्कोहोल नुसते बघत बसत नाही. ते पृष्ठभागावरील फॉर्मेटशी जुळून एस्टर बनवते. या एस्टरचे हायड्रोजनीकरण सोपे असते आणि शेवटी अल्कोहोल परत मिळते.

जॉर्ज ओला आणि मूळचे बंगळूरचे सूर्य प्रकाश यांच्या लॉस एंजेलिसमधील गटाने २०१६ मध्ये थेट हवेतून पकडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपासून मिथेनॉल बनवले. एका बहुअमाइनने वायू पकडला आणि रुथेनियम उत्प्रेरकाने त्याचे मिथेनॉल केले. उत्पादन ७९ टक्क्यांपर्यंत गेले. त्यांनी निवडलेला ट्रायग्लाइम हा द्रावक २०० अंशांच्याही वर उकळतो, तर मिथेनॉल ६५ अंशांवर. त्यामुळे मिथेनॉल व पाणी ऊर्ध्वपातनाने वर काढता येतात आणि उत्प्रेरक, अमाइन व द्रावक भांड्यातच राहतात.

खरा खर्च कोठे होतो

फॉर्मिक आम्लाच्या नशिबी ही सोय नाही. ते १०१ अंशांच्या आसपास उकळते, पाणी १०० अंशांवर. एवढेच असते तरी निभावले असते, पण दोघांचे एक असे मिश्रण बनते की ज्यात सुमारे ७७ टक्के फॉर्मिक आम्ल असते आणि ते सुमारे १०७ अंशांवर, घटकांचे प्रमाण न बदलता, उकळत राहते. साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाता येत नाही. डायमिथिल सल्फॉक्साइडमधून आम्ल काढू म्हटले तर ज्या हायड्रोजन बंधांनी समतोल पुढे नेला तेच आता सोडत नाहीत. ट्रायइथिल अमाइनही फॉर्मिक आम्लाला धरूनच वाफ होते. आणि या सर्वांवर कडी म्हणजे मिश्रणात उत्प्रेरकाचा अंश राहिला व ते तापवले तर तोच उत्प्रेरक फॉर्मिक आम्लाचे पुन्हा हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड करून टाकतो. प्रयोगशाळेतील विक्रमी आकडे कारखान्यापर्यंत पोहोचत नाहीत त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

जर्मनीतील बीएएसएफ कंपनीच्या थॉमस शाउब व रोको पाचिएलो यांनी २०११ मध्ये मांडलेली पद्धत या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यांनी एक नव्हे, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव घेतले. ट्रायहेक्सिल अमाइन तेलकट व अध्रुवीय असते, त्यात रुथेनियम उत्प्रेरक राहतो. दुसरा द्रव म्हणजे डायॉल जातीचे ध्रुवीय अल्कोहोल, ज्यात तयार झालेले फॉर्मेट उतरते. तेल आणि पाणी वेगळे व्हावे तसे दोन थर होतात. वरचा थर उत्प्रेरकासह परत अभिक्रियेत जातो. खालचा थर, उरलासुरला उत्प्रेरक काढून, तापवला की फॉर्मिक आम्ल सुटते, कारण या भारी अमाइनची आम्लावरील पकड सैल असते व त्याचा उत्कलनांकही बराच वर असतो. येथे लवणाचा ढीग उरत नाही, अमाइन व डायॉल दोन्ही फिरून वापरात येतात. वॉल्टर लाइटनर यांच्या गटाने २०१२ मध्ये आणखी एक मार्ग दाखवला. उत्प्रेरक आयनिक द्रवात, म्हणजे सामान्य तापमानाला द्रवरूप असलेल्या लवणात, स्थिर ठेवायचा आणि त्यातून अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइडचा प्रवाह सोडायचा. हा प्रवाह कच्चा मालही पुरवतो आणि तयार झालेले आम्लही उचलून नेतो. पुढे दाब कमी केला की शुद्ध फॉर्मिक आम्ल मागे राहते.

या साऱ्याचा आवाकाही ध्यानात ठेवला पाहिजे. जगात वर्षाला फॉर्मिक आम्ल बनते ते दहा लाख टनांच्या आसपास, आणि खनिज इंधनांतून हवेत जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक. सारेच फॉर्मिक आम्ल या मार्गाने बनवले तरी हवेतील वायूवर त्याचा परिणाम जाणवणार नाही. म्हणून अनेकांचे लक्ष या संयुगाच्या दुसऱ्या उपयोगाकडे, हायड्रोजन साठवण्याकडे, वळले आहे. फॉर्मिक आम्लाच्या वजनात ४.४ टक्के हायड्रोजन असतो आणि लिटरभर आम्लात तो सुमारे ५३ ग्रॅम मावतो, तेही दाबाच्या टाकीशिवाय. हल, हिमेदा, फुजिता व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकाच इरिडियम उत्प्रेरकाने, पाण्यातच, क्षारधर्मी अवस्थेत हायड्रोजन साठवून आणि आम्लधर्मी अवस्थेत तो परत सोडवून दाखवला. या उपयोगात आम्ल वेगळे काढण्याची गरजच नसते, त्यामुळे पाण्याचा मोठा दोष आपोआप गळून पडतो. उरते ती विद्राव्यतेची मर्यादा. सोडियम फॉर्मेट पाण्यात भरपूर विरघळते, पण हायड्रोजन सोडल्यावर मागे राहणारे सोडियम बायकार्बोनेट २० अंशांला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम १० ग्रॅम विरघळते, म्हणजे फॉर्मेटच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. टाकीत किती हायड्रोजन भरता येईल ते फॉर्मेटवर नव्हे, तळाशी साका न धरता किती बायकार्बोनेट पाण्यात राहील यावर ठरते.